उलटा सांधा

१

सोजराबाई गेल्या त्या दुपारी चुलीतून धुराची एक रेघही बाहेर आली नव्हती. भिंती काळवंडल्या नव्हत्या, कोणाला ठसका लागला नव्हता. म्हातारी चुलीशेजारी चटईवर कुशीवर निजली होती आणि तिचा चेहरा लालबुंद होता, जन्मात कधी नव्हता इतका टवटवीत. सून रंभा चारच्या सुमारास वाडीतून परतली. तिने दोनदा हाक मारली, मग खांद्याला हात लावला आणि किंकाळी फोडली.

ही गोष्ट सहासष्ट सालच्या जानेवारीतली, संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. ग्रामसेविका उषा कारखानीस दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता सायकल ढकलत चिंचणीच्या त्या आळीत शिरली, तेव्हा नरहरी चुरीच्या अंगणात निम्मा गाव जमला होता. ओटीवर पांढऱ्या धोतराखाली प्रेत होतं. पालघरचे फौजदार येईपर्यंत ते हलवायचं नाही, असा निरोप आला होता. अंगणातल्या नारळाला जिव्या वारली बांधलेला होता. त्याचा ओठ फाटला होता आणि एक डोळा सुजून मिटला होता. त्याची बायको तानी त्याच्या पायाशी बसली होती. तिला तिथून उठवायची कोणाची छाती झाली नव्हती.

उषाने सायकल कुंपणाला टेकवली. वाट कोणी दिली नाही, तिलाच वळसा घालावा लागला.

"आल्या बघा," एक बाई म्हणाली. "माणूस मारून वर बघायला आल्या."

सोजराबाईंचा मुलगा नरहरी ओटीवरून उतरला. पस्तिशीचा, रुंद खांद्याचा बागायतदार. रात्रभर जागून त्याचे डोळे तांबारले होते.

"बाई, आमी चूल मागितली व्हती?" तो म्हणाला. "तीन दगडांवर आमचं बरं चाललं व्हतं. तुमीच तीन फेऱ्या मारल्यात. आयचा दमा जाईल म्हनालात. गेला बघा दमा. समदंच गेलं."

त्यातला शब्द न् शब्द खरा होता. सोजराबाईंना दमा होता. निर्धूर चूल बसवा, धूर नळीवाटे बाहेर जाईल, असं तिनेच समजावलं होतं. दिवाळीच्या आधी जिव्याच्या हातून ती चूल बांधून घेतली होती. गावात अशा अकरा चुली होत्या आणि त्या सगळ्या जिव्यानेच बांधल्या होत्या.

"त्याला का बांधलंय?" तिने विचारलं.

"काल नऊ वाजता ह्यो मागच्या दारी व्हता. रंभानं पाह्यला. काय केलं चुलीला तो जाणे आन् त्याचा देव जाणे. फौजदार येऊ दे. त्याला देतो आन् मग तुमचं नाव सांगतो."

"मी लाकडं घेऊन आलो व्हतो," नारळापाशून जिव्या म्हणाला. "सुकी. ह्या बायनंच सांगितलं व्हतं."

नरहरीने वळून त्याच्या कानशिलात मारली. तानी उठली, तिला दोघांनी धरलं.

"मला चूल पाहू द्या," उषा म्हणाली. "फौजदार यायला दुपार होईल. तोवर मला चूल पाहू द्या. चूक चुलीची निघाली तर मी स्वतः त्यांच्या जीपमध्ये बसेन."

नरहरी बाजूला झाला आणि म्हणाला, "बसायचंच हाय तुमाला."

२

स्वयंपाकघर लहान होतं. एक खिडकी होती, तीही गोणपाटाने बंद केलेली. चूल भिंतीला लागून होती. पुढे लाकडं घालायचं तोंड, वर भांडी ठेवायची दोन भोकं, मागे मातीची मान. त्या मानेतून पत्र्याची नळी उभी वर जाऊन कौलांतून बाहेर पडली होती. नळीचे तुकडे दोन होते, एक खालचा आखूड, मानेत बसवलेला, आणि दुसरा वरचा लांब. दोन्हींचा सांधा साधारण छातीच्या उंचीवर येत होता.

उषा त्या चुलीसमोर उकिडवी बसली आणि तिच्या मनात गेले तीन आठवडे उभे राहिले. ही चूल पहिले दोन महिने सुतासारखी चालली होती. मग नाताळच्या सुमारास सोजराबाईंचा निरोप आला, घरात धूर होतोय. उषाने येऊन चुलीभोवती पेटती उदबत्ती फिरवली. एका जागी उदबत्तीचा धूर थरथरला. मानेच्या मातीला बोट जाईल एवढी चीर पडली होती. जिव्याने माती, राख आणि भाताचं तूस कालवून ती बुजवली.

सहा दिवसांनी दुसरा निरोप आला. आता धूर नव्हता, वास होता. उग्र, डांबरासारखा. या वेळी लाकूड ओलं निघालं. पडवीत सुकी लाकडं रचलेली असताना चुलीत किनाऱ्यावरच्या सुरूचं ओलं लाकूड जळत होतं. ओल्या लाकडाचा धूर नळीत गार होतो आणि त्याचा काळा चिकट रस होऊन आतून ओघळतो. "सुकंच लाकूड घाला," असं बजावून उषा गेली, आणि जिव्याला म्हणाली की डोंगरातून आणखी सुकी मोळी आणून दे.

आणि आता हे.

तिने चुलीच्या तोंडाशी पाहिलं. विझलेल्या निखाऱ्यांवरची राख कोणीतरी उकरून बाजूला सारली होती आणि वर मूठभर लोणारी कोळसे टाकले होते. अर्धे जळलेले, अर्धे काळेच. प्रशिक्षणात त्यांना सांगितलं होतं, लाकूड धुमसलं तर धूर होतो आणि माणूस खोकत बाहेर पळतो. कोळशाच्या निखाऱ्याला धूर नसतो. त्याच्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत तो साचला की माणसाला गुंगी येते, चेहरा लाल होतो आणि तो उठत नाही.

पण वायू खोलीत साचलाच का? त्यासाठी तर नळी होती.

तिने वर्तमानपत्राचा बोळा पेटवून चुलीत सारला. ज्वाळा क्षणभर वर उठल्या, मग धूर मागे फिरला आणि तोंडातून भसकन तिच्याच अंगावर आला.

"बाहेर कोणी आहे का?" ती खोकत ओरडली. "कौलांवर धूर दिसतोय?"

"काय नाय," बाहेरून एक म्हातारा म्हणाला. "नळी मेलीय."

तो आणि आणखी एकजण दाराशी येऊन उभे राहिले. उषा पदर खोचून पाटावर उभी राहिली आणि तिने वरचा तुकडा दोन्ही हातांनी वर उचलून बाजूला कलता केला. खालच्या तुकड्याच्या तोंडात काहीतरी कोंबलेलं होतं. तिने चिमट्याने ते ओढून काढलं.

ते केळीच्या खोडाचं सोपट होतं. गुंडाळी करून घट्ट ठासलेलं. खालून करपलेलं, वरून अजून ओलं.

३

"बगा!" नरहरी किंचाळला. सोपटाची ती गुंडाळी त्याने हिसकावून घेतली होती आणि अंगणात सगळ्यांना दाखवत होता. "मुद्दाम बुजवलीय! ह्यानंच! काल नऊ वाजता!"

गर्दी नारळाकडे सरकली. उषा मध्ये शिरली तेव्हा कोणाचं तरी कोपर तिच्या बरगडीत बसलं. ती जिव्यासमोर उभी राहिली आणि तिने मोठ्याने विचारलं, "जिव्या, नळीचा सांधा तू कसा बसवला होतास?"

जिव्याने एक उघडा डोळा तिच्यावर रोखला. त्या डोळ्यात तिच्याबद्दल माया नव्हती.

"वरची खालचीच्या पोटात."

"का?"

"आमी डोंगरात झऱ्याचं पानी बांबूतून आनतो. वरचा बांबू खालच्याच्या पोटात घालायचा. नायतर पानी भायेर सांडतं. नळीतून काळा रस येतो, तोबी पानीच."

"आता आत येऊन पाहा," उषा नरहरीला म्हणाली. "तुम्ही आणि आणखी दोघं या."

ते आत आले. तिने नळी हलवली त्याला दोघेजण साक्षी होते. वरचा तुकडा खालच्यावर टोपीसारखा बाहेरून बसलेला होता, हे त्यांनीही दारातून पाहिलं होतं. वरच्या तुकड्याची कड फाकवल्याची ताजी चकाकी पत्र्यावर होती. आणि खालच्या तुकड्यावर बाहेरून एक काळा ओघळ उतरला होता.

"बोट लावा," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने बोट लावलं. ते चिकटलं.

"दिवाळीपासून सांधा असा असता तर असे शंभर ओघळ असते, वाळून दगड झालेले. हा एकच आहे आणि अजून ओला आहे. म्हणजे जिव्याने बसवलेली नळी काल कोणीतरी काढली, बोळा कोंबला आणि परत लावताना सांधा उलटा लावला. जिव्याला झोपेतून उठवून लावायला सांगितली असती तरी त्याने अशी लावली नसती."

"मुद्दाम लावली आसंल," नरहरी म्हणाला, पण आवाज थोडा उतरला होता.

"तुम्ही कशी लावली असती?"

"म्हंजे?"

"हे दोन तुकडे. तुमच्या हाताने लावा बघू."

नरहरीने वैतागून वरचा तुकडा उचलला आणि खालच्यावर टोपीसारखा चढवला. "अशीच की. धूर वर जातो, वरच्यानं खालच्याला झाकाया पायजे."

म्हाताऱ्याने आधी सांध्याकडे पाहिलं, मग नरहरीकडे. नरहरीला ते कळायला दोन क्षण लागले. कळल्यावर त्याच्या तोंडचा रंगच गेला.

"बाई," तो हळू म्हणाला, "माझ्या आयला मी मारीन?"

४

घरात चौथं माणूस होतं खंडेराव. साताऱ्याकडचा फिटर. तारापूरला विजेचा कारखाना उभा राहत होता, त्याच्या बांधकामावर होता. साहेबांच्या वसाहतीत त्याला अजून खोली मिळाली नव्हती, म्हणून चुरींच्या घरी भाड्याने राहायचा. त्याची खोली स्वयंपाकघराला लागूनच होती. डांबराच्या वासावरून त्याचं आणि सोजराबाईंचं आठवड्यापूर्वी कडाक्याचं भांडण झालं होतं, ते अख्ख्या आळीने ऐकलं होतं. "ही नळी एक दिवस उपटून समुद्रात टाकतो," असं तो म्हणाला होता.

उषाने त्याला पडवीत गाठलं. त्याच्या डाव्या हाताच्या बोटाला पट्टी होती.

"माझ्यावर आलं का आता?" तो गुरकावला. "परगावचा गडी सापडला म्हंजे बरं पडतंय सगळ्यांला."

"काल तुम्ही दुपारी घरी आलात."

"बोट चेंगाटलं पाइपात. मुकादमानं घालवला घरी. एक वाजला आसंल."

"मग?"

खंडेराव खाली बघत म्हणाला, "सैपाकघराचं दार लावल्यालं. पाण्यासाठी हाक मारली. म्हातारी बोलली न्हाई. म्हटलं, अजून रुसलीया. मीबी फुगलो आन् जाऊन पडलो." त्याने पट्टीवरून अंगठा फिरवला. "भिंतीच्या पल्याड मरत हुती न्हवं? आन् मी हिकडं घोरत हुतो."

"वास आला का?"

"काय बी न्हाई."

"आणि सकाळी? चहाच्या वेळी?"

"धूर न्हाई, वास न्हाई. झकास चूल पेटली हुती. चहा घेऊन सातला मी ट्रकवर गेलो."

उषा त्याला चुलीपाशी घेऊन गेली आणि तिने नळीचा वरचा तुकडा त्याच्या हाती दिला. त्याने विचारण्याचीही वाट पाहिली नाही. उजव्या हाताने वरच्या तुकड्याची कड दाबली आणि तो खालच्याच्या आत बसवला.

"ह्यो रस आतनं जायला पायजे," तो म्हणाला. "ज्यानं उलटा लावला त्याला पायपातलं काय बी कळत न्हाई."

उषा पायरीवर बसली आणि कालचा दिवस क्रमाने मांडू लागली. सकाळी चूल झकास पेटली, म्हणजे तोवर बोळा नव्हता. स्वयंपाक दहाला आटोपला, हे रंभानेच काल सगळ्यांना सांगितलं होतं. काळा रस वाहतो तो नळी तापलेली असतानाच. गार नळीत तो गोठून बसतो. ओघळ उतरला म्हणजे सांधा उलटा झाला तेव्हा नळी चांगली कढत होती. एक वाजता ती गार झाली असणार. म्हणजे खंडेराव सुटला. दहा ते अकराच्या मध्ये कोणीतरी ती कढत नळी धरून वर उचलली होती.

आणि नरहरी? तो म्हणत होता की पहाटेपासून वाडीत होता. त्याच्यासोबत वाडीत कामाला एकच माणूस होतं.

उषा नारळापाशी गेली. तानीने मान वर केली नाही.

"तानी, काल वाडीत नरहरीशेठ किती वेळ होते?"

तानी नवऱ्याच्या दोरखंडाकडे बघत राहिली. गर्दी थबकून ऐकत होती. नरहरीही ऐकत होता. ती 'मधीच निघून गेला व्हता' एवढं बोलली असती तर नारळाला दुसराच माणूस बांधला गेला असता.

"खोटं बोलू?" तानी शेवटी म्हणाली. "माज्या जिव्याला मारलं त्यानं. मला लई वाटतं का खोटं बोलावं. पन तो वाडीतच व्हता. दिस उगवल्यापून रंभावयनी बोंबलत आली तवर. हाललाबी नाय."

"भाकरी खायलाही घरी गेले नाहीत?" उषाने विचारलं.

"भाकर वयनीनं आनली. अकराच्या पुढं. फडक्याची गाठ मीच सोडली. तिला सुटंना."

"का?"

"हात दुखतात म्हनली."

५

रंभा माजघरात, बायकांच्या घोळक्यात, भिंतीला पाठ लावून बसली होती. तिशीची, हाडकुळी. लग्नाला बारा वर्षं झालेली. तिचे दोन्ही हात पदराच्या आत होते. उषाने तिला चुलीपाशी बोलावलं आणि बाकीच्यांना बाहेर राहायला सांगितलं. बायका चडफडत उठल्या. एक म्हणाली, "सुतकातबी जाच."

"हात दाखवा, रंभाबाई."

"तव्याचा चटका बसलाय."

"दाखवा तरी."

रंभाने हात पुढे केले. दोन्ही तळव्यांवर, बोटांच्या मुळाशी, आडवे फोड आले होते. टपोरे, पाण्याने भरलेले.

"तव्याचा चटका एका हाताला बसतो," उषा म्हणाली. "बोटांच्या टोकांना. दोन्ही तळवे भाजतात ते काहीतरी गोल आणि कढत धरून उचललं तर."

रंभाने हात मागे घेतले नाहीत. त्यांच्याकडेच बघत राहिली.

"माती उकरून चीर पाडली तीही तुम्हीच. जिव्याचं काम दोन महिने टिकलं आणि मग अचानक एका जागी बोटभर फुटलं. ती बुजवली तर सहा दिवसांत घरात सुकी लाकडं असून सुरूचं ओलं लाकूड चुलीत आलं. त्यावर मी बोलले तर नळीत बोळा. चूल एकदा बिघडली तर बांधणाऱ्याची चूक म्हणता येते. तीन वेळा, दर वेळी वेगळ्या ठिकाणी, आणि तीही दुरुस्ती झाल्यावर, ती कोणाच्या तरी हातानेच बिघडते. पण मला कारण कळत नाही. सोजराबाईंना मारायचं होतं?"

"नाय!" रंभा एवढ्या जोरात म्हणाली की बाहेरची कुजबुज थांबली. मग तिचा आवाज खाली गेला. "मारायचं आसतं तर बारा वर्सं काय थांबले आसते?"

"मग?"

"तुमाला नाय कळायचं. तुमी सायकलवर फिरता." तिने चुलीकडे बघितलं. "जुनी चूल व्हती तवा इथं धूर आसायचा. आयला दमा. ती ह्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नसे. समदं घर तिचं, पन ही खोली माझी. सकाळची पयली गरम भाकर मी इथंच उभ्यानं खायची. कवा रडू आलं तर रडायची. धुरात कोन इचारतो का रडते? कवा गुणगुणायची. बारा वर्सं ह्या धुरानं मला सांभाळलं, बाई."

उषा तिच्यासमोर खाली बसली.

"मग तुमी आलात. चूल झाली, धूर गेला. आन् दुसऱ्या दिवशी आय पाट घेऊन इथं येऊन बसली. पहाटेपासून. पीठ किती घेतलं, मीठ का सांडलं, भाकर का फुगली नाय, तुज्या आयनं काय शिकवलं. निजायला जायची तवर. अडीच महिने. ती दमली नाय, कारन तुमी तिचा दमाच घालवलात." ती हसली, पण त्या हसण्यात विषच होतं. "मला धूर परत पायजे व्हता. बस. घरात धूर झाला का आय म्हनंल, मोडा ही चूल. मोडा म्हनाली आसती आन् मी मोडली आसती."

"काल अकराला तुम्ही गेलात तेव्हा सोजराबाई कुठे होत्या?"

"ओटीवर. सैपाक झाला का घटकाभर उनात बसायची. चुलीत मी राखेखाली विस्तव झाकून ठेवला व्हता, सांजेला पेटवायला. सांजेला मी लाकडं घातली का समदा धूर आत, आसं धरलं व्हतं. मला काय ठावं तिला हिव भरंल? ती आत येऊन, खिडकी बंद करून, राख उकरून कोळसे घालून निजंल? मला काय ठावं का निस्त्या निखाऱ्यानं माणूस मरतं?" तिचे डोळे कोरडे होते. "धूर झाला आसता तर ती उठली आसती."

दूर नाक्याकडे जीपचा भोंगा वाजला.

"आणि जिव्या?" उषाने विचारलं. "नऊ वाजता मोळी टाकून तो गेला होता. तो मागच्या दारी घुटमळत होता असं तुम्हीच सांगितलंत. रात्रभर तो मार खात होता आणि तुम्ही ऐकत होता."

"ऐकत व्हते." रंभा तिच्या डोळ्यांत बघत म्हणाली. "मनात म्हटलं, आज मारतील, उद्या सोडतील. वारल्याला मार काय नवा हाय?"

"त्यांनी सोडलं नसतं."

"नसतं सोडलं," रंभा म्हणाली. "हेबी मला ठावं व्हतं."

जीप अंगणात येऊन थांबली. बुटांचा आवाज आला. रंभा उठली नाही.

"तुम्ही सांगता की मी सांगू?"

"तुमीच सांगा. चूल तुमीच आणली. तिचा शेवटबी तुमीच करा."

६

उषाने ओटीवर उभं राहून सगळं सांगितलं. फौजदार पोक्त माणूस होते. त्यांनी सांधा पाहिला, ओघळाला बोट लावलं, सोपट कागदात बांधलं आणि रंभाचे हात पाहिले. "तुमचं म्हणणं काय?" असं त्यांनी रंभाला विचारलं. ती म्हणाली, "बाई सांगते तसंच हाय."

नरहरीने जिव्याची दोरी सोडली. गाठ रात्रीत आवळली होती, सुटायला वेळ लागला. जिव्या तोवर त्याच्याकडे बघत राहिला. दोरी गळाली तशी तानीने नवऱ्याच्या बगलेत खांदा घातला आणि दोघं फाटकाकडे चालू लागली. उषा मागोमाग गेली.

"जिव्या, दवाखान्यात चल. मी येते सोबत."

"नको," तानीच म्हणाली. "तुमी सोबत येता म्हंजे आमाला काय ना काय व्हतं."

नरहरीने त्याच संध्याकाळी पहार घेऊन चूल फोडली. महिनाभरात गावातल्या उरलेल्या दहांपैकी सात चुली फुटल्या. कोळशाच्या वायूचं उषाने घरोघर समजावलं, पण लोक ऐकून घेत आणि ती गेली की पहार काढत. मार्चमध्ये तिची बदली झाली.

रंभाला दोन वर्षांची सजा लागली. जीव घ्यायचा हेतू नव्हता, हे न्यायाधीशांनी मानलं. ते मानलं गेलं ते बरंचसं उषाच्या साक्षीमुळे, असं वकील म्हणाला. रंभाने मात्र साक्षीच्या वेळी तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी पावसाळा सरल्यावर उषा तुरुंगात भेटायला गेली. आपण का जातोय हे तिला नीट सांगता आलं नसतं. जाळीपलीकडे रंभा आली. थोडी भरली होती. डोळे लाल होते आणि पापण्यांच्या कडा सुजल्या होत्या.

"रडलात?" उषाने विचारलं.

"नाय. भटारखान्यात काम दिलंय. दोनशे बायांचा सैपाक, ओली लाकडं आन् धुराडं नाय. दुसऱ्या बाया तोंडाला फडकं बांधून, पळत येतात आन् पळत जातात."

"मी साहेबांशी बोलू का? तिथे एखादी बरी चूल—"

रंभाने जाळीला हात लावला. तळव्यांवर फोडांचे फिकट वण होते.

"बाई," ती म्हणाली. आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात राग नव्हता, विनवणी होती. "तिथं मी एकटी आसते. तेवढं राहू द्या."